एका दात्याचा फरक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मला रेडिओवर बोलायला बोलावलं, की मी कवितेवर बोलणार असं धरूनच चाललेलं असतं. माझीही त्याला हरकत नसते. पण या वेळी विषय माझ्यावर सोपवला गेला आणि मी सांगितलं, की मोटारीच्या इंजिनातल्या कॅमशाफ्टबद्दल बोलायचं आहे. फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. मग विचारणा झाली, "म्हणजे प्रतीक म्हणून का?" मी म्हटलं, प्रतीक वगैरे काही नाही. खरोखरचा, लोखंडाचा, तेलाने माखलेला कॅमशाफ्ट. त्याचं टायमिंग बसवताना माझ्याकडून एक चूक झाली होती. त्या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. ती चूक मला आज नीट समजावून सांगता येते, आणि घरच्या अंगणात गाडी उघडून बसणारे लोक अजूनही आहेत.

गाव बोदलकसा. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातलं. तिथला तलाव प्रसिद्ध आहे, हिवाळ्यात पक्षी पाहायला लांबून लोक येतात. आजूबाजूला जंगल, डोंगर आणि तलावाच्या पाण्यावर पिकणारा धान. माझे धाकटे चाचा तिथे राहायचे. त्यांच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली एक पांढरी पद्मिनी उभी असायची.

पद्मिनी म्हणजे आपल्या बोलण्यातली फियाट. इटलीच्या फियाट ११०० या गाडीवरून ती आपल्याकडे आली. वालचंद हिराचंद यांनी काढलेली प्रीमियर कंपनी ती मुंबईत कुर्ल्याला बनवायची, आणि पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधंसुधं इंजिन. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. वयोमर्यादेच्या नियमामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सींमधून कायमची गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला चांगला निरोप दिला. तो वाचताना मला मुंबई नव्हे, मोहाखालचं अंगण आठवत होतं.

चाचांची गाडी १९८२ सालची. ती त्यांनी १९९४ मध्ये जुनी विकत घेतली. गावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती म्हटलं तरी चालेल. लग्नाचा नवरदेव तिच्यातून जाई, अडलेली बाळंतीण तिच्यातून जाई, आणि कोर्टाची तारीख असलेला माणूस शेजारी बसून डिझेलपेक्षा पेट्रोल किती महाग यावर वाद घालत जाई. चाचा तरुणपणी ट्रकवर क्लीनर होते, पुढे ड्रायव्हर झाले. पान्या-पकडीची त्यांना भीती नव्हती. मी बी. ए. झालेला पुतण्या. माझ्याकडे काम एकच, इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायचं. मोटार दुरुस्तीचं ते जाडजूड पुस्तक मीच नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलं होतं.

१९९७ च्या मे महिन्यात इंजिनाच्या पुढच्या अंगातून खळखळ असा आवाज यायला लागला. चाचांनी कान लावला आणि म्हणाले, "टायमिंगची चेन ढिली झाली." चेन बदलायची ठरली, आणि ती घरीच बदलायची ठरली.

इथे थोडं थांबून ही चेन काय करते ते सांगतो. आमच्याकडच्या शेतकऱ्याला इंजिन समजावून सांगायला मला कधी अडचण आलेली नाही. धानाची बांधी डोळ्यासमोर आणा. तिला पाणी आत घ्यायचं एक तोंड असतं आणि जास्तीचं पाणी सोडायचं दुसरं. कुठलं तोंड कधी फोडायचं आणि कधी बुजवायचं, यातच निम्मी शेती असते. पाणी भरायच्या वेळी खालचं तोंड उघडं राहिलं, तर रात्रभर जागून काही उपयोग नाही. इंजिनाचं प्रत्येक सिलिंडर ही अशीच एक बांधी आहे. एका व्हॉल्व्हने पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत येतं, दुसऱ्याने जळालेला धूर बाहेर जातो. मधे पिस्टन वरखाली करत असतो.

पिस्टन खाली जातो तेव्हा आतला व्हॉल्व्ह उघडा, मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन वर येतो तेव्हा दोन्ही बंद, मिश्रण दाबलं जातं. मग प्लगची ठिणगी पडते आणि भडक्याने पिस्टन खाली ढकलला जातो. गाडीला ओढणारा फटका हा एवढाच. चौथ्या खेपेला पिस्टन पुन्हा वर येतो आणि उघड्या धुराच्या व्हॉल्व्हमधून सगळा धूर हुसकावून लावतो. जर्मनीत निकोलाउस ओटो याने १८७६ मध्ये अशा चार खेपांचं इंजिन चालवून दाखवलं, आणि पेट्रोलच्या गाड्या आजही मुळात त्याच हिशेबावर चालतात.

आता हिशेब पाहा. पिस्टनच्या चार खेपा म्हणजे खालच्या क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या. तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. क्रँकच्या टोकाला लहान दातेरी चक्र, कॅमशाफ्टच्या टोकाला बरोबर दुप्पट दात्यांचं मोठं चक्र, आणि दोन्हींना बांधणारी चेन. सायकलची चेन पाहिलेल्या कुणालाही हे कळेल. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या करत असेल, तर सेकंदाला पन्नास फेऱ्या झाल्या. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. आपली पापणी एकदा लवेपर्यंत त्याचं कितीतरी काम उरकलेलं असतं.

कॅमशाफ्ट म्हणजे तरी काय? एक दांडा आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा वर येऊन समोरच्या वस्तूला उचलतो, पुढे सरकला की ती वस्तू खाली येते. ही युक्ती मोटारीच्या फार आधीची आहे. अल-जझारी नावाच्या कारागिराने १२०६ मध्ये यंत्रांवर जो ग्रंथ पुरा केला, त्यात असा दांडा वापरणारी यंत्रं आहेत. तो दियारबाकिरच्या दरबारी नोकरीला होता, आता ते शहर तुर्कस्तानात आहे. पायाने दाबून धान कांडायची ढेकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती उचल आणि ते पडणं लगेच उमगेल. पद्मिनीत कॅमशाफ्ट खाली, इंजिनाच्या ब्लॉकमध्येच असतो. तो टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड वरच्या रॉकरला, आणि रॉकर दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्हला दाबून उघडतो. बंद करायचं काम स्प्रिंगचं. या स्प्रिंगा चांगल्या कडक असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोठ्या चक्रावर एक खूण असते, लहान चक्रावर एक. चेन चढवताना त्या दोन खुणा ठरलेल्या जागी आणायच्या, बस. पुस्तकातही तेवढंच होतं. निदान त्या पानावर तेवढंच होतं.

पुढची जाळी काढली, रेडिएटर उतरवला, पुली निघता निघेना म्हणून अर्धा दिवस गेला. कव्हर उघडलं, खुणा जुळवल्या आणि जुनी चेन काढली. नवी चेन आणलेली होती. चक्रं मात्र जुनीच ठेवली, कारण चक्रांचे पैसे निराळे होते. त्यांचे दाते थोडे झिजलेले होते आणि ते आम्हाला दिसतही होतं.

चेन निघाली त्या क्षणी मोठं चक्र टक्कन हललं. खाली कुठल्या तरी उंचवट्यावर स्प्रिंगचा जोर होता. तो मोकळा होताच कॅमशाफ्ट थोडा फिरला. चाचांनी तो पकडीने मागे आणून धरून ठेवला. तेवढ्यात वीज गेली. सूर्य तलावापलीकडे गेलेला, चाचांचे दोन्ही हात गुंतलेले. मी एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात पुस्तक घेऊन बाजूच्या मडगार्डवर ओणवा झालो होतो. चाचांनी चेन चढवली आणि विचारलं, "जुळल्या का रे खुणा?"

मी तिरक्या नजरेने पाहिलं आणि म्हणालो, "जुळल्या."

खोटं नव्हतं ते. मला त्या जुळलेल्याच दिसल्या. पण एक तर मी समोरून पाहत नव्हतो. दोन चक्रांमधली खूण बाजूने पाहिली तर अर्ध्या दात्याचा फरक सहज गिळला जातो. घड्याळाचा काटा बाजूने पाहिल्यावर वेळ चुकते, तसंच. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं म्हणजे चेनचा ढिलेपणा चुकीच्या बाजूला राहिला होता. चेनच्या दोन बाजूंपैकी एका बाजूने क्रँक कॅमशाफ्टला ओढतो, दुसरी बाजू नुसती परत येते. ओढणारी बाजू ताठ ठेवून खुणा जुळवायच्या असतात. आमची ओढणारी बाजूच सैल होती. उभ्या इंजिनात खुणा समोरासमोर दिसल्या तरी इंजिन फिरू लागताच क्रँक आधी ती सैल बाजू ताणून घेणार आणि मगच कॅमशाफ्ट हलणार. तोवर कॅमशाफ्ट मागे पडलेला. झिजलेले दाते, तिरकी नजर आणि सैल बाजू, तिन्ही मिळून एक दाता चुकला.

एक दाता म्हणजे किती? समजा मोठ्या चक्राला चाळीस दाते आहेत. एका दात्याला कॅमशाफ्टचे नऊ अंश झाले. पण क्रँक दुप्पट फिरतो, म्हणून पिस्टनच्या हिशेबात तेच अठरा अंश. व्हॉल्व्ह पिस्टनपेक्षा अठरा अंश उशिरा उघडणार आणि अठरा अंश उशिरा मिटणार.

आणि आता ते वाक्य. पान उलटल्यावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की कव्हर लावण्यापूर्वी इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावं आणि खुणा पुन्हा तपासाव्यात. मी ते वाचलं होतं. मनात वाचलं, मोठ्याने वाचलं नाही. चाचा सकाळपासून उपाशी होते, डास चावत होते, आणि जुळलेल्या खुणा पुन्हा कशाला पाहायच्या असं मला वाटलं. पाठ केलेलं पुन्हा म्हणायला सांगणाऱ्या मास्तरांचा मला शाळेपासून कंटाळा होता.

दुसऱ्या दिवशी सगळं बसवून गाडी सुरू केली तर ती लवकर धरेना. खोकली, कार्बोरेटरमधून फुसफुसली, बंद पडली. चाचांनी अनुभवी ड्रायव्हर करतो तेच केलं. डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करून तो थोडा थोडा फिरवला. एका जागी इंजिनाने सूर धरला. चाचा खूश झाले, चाचींनी चहा टाकला.

घात झाला तो इथे. डिस्ट्रिब्युटर ठिणगीची वेळ ठरवतो, पण त्याला फिरवतो कॅमशाफ्टच. कॅमशाफ्ट मागे पडला म्हणून ठिणगीही मागे पडली होती. डिस्ट्रिब्युटर फिरवल्यावर ठिणगी जागेवर आली आणि व्हॉल्व्ह होते तिथेच राहिले. दोन चुकांपैकी एक दुरुस्त झाली, आणि ती झाल्यामुळेच दुसरी दिसेनाशी झाली. टायमिंग हा शब्दच फसवा आहे. ठिणगीचं टायमिंग वेगळं, व्हॉल्व्हचं वेगळं. बहुतेक लोक 'टायमिंग केलं' म्हणतात तेव्हा ठिणगीबद्दल बोलत असतात. डिस्ट्रिब्युटर पूर्ण उलटा बसवला असता तर गाडी सुरूच झाली नसती, नुसते बार उडाले असते आणि आम्ही लगेच शोधाशोध केली असती. एक दाता मात्र मुकाट्याने गाडीत बसून येतो.

आम्ही सपाट रस्त्यावर फेरी मारून पाहिली. चाचा आणि मी, दोघंच. गाडी छान पळाली. त्यालाही कारण आहे, ते मला फार नंतर कळलं. आतला व्हॉल्व्ह उशिरा मिटतो तेव्हा पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि तो आलेलं मिश्रण उलट कार्बोरेटरकडे ढकलतो. ती फुसफुस याचीच होती. पण इंजिन वेगात असेल तर आत घुसणाऱ्या मिश्रणालाही जोर असतो, ते सहजी मागे फिरत नाही, म्हणून उशीर खपून जातो. इंजिन हळू फिरत असताना तो जोर नसतो. दाब बनत नाही आणि ओढ मरते. म्हणजे सपाट रस्त्यावर गाडी ठणठणीत, आणि ओझं घेऊन चढावर हळू चालली की अर्धमेली. आम्ही परीक्षा घेतली होती ती नेमकी ती पास होणार होती तेवढीच.

त्या उन्हाळ्यात अब्बा चाचांकडे राहायला आले होते. त्यांना दम्याचा जुना त्रास. चेन बसवल्याला चार-पाच दिवस झाले असतील. रात्री अकराच्या सुमाराला त्यांचा श्वास अडकला. नेहमीच्या गोळीने उतरेना. ओठ काळे पडायला लागले तसं चाचांनी गाडी काढली. मागे अब्बांना धरून अम्मी आणि चाची, पुढे मी. तिरोड्याच्या दवाखान्यात पोचायचं होतं.

गावाबाहेरच्या चढावर गाडी दमली. दुसरा गिअर, मग पहिला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि इंजिन नुसतं घुरघुरतंय. तापमानाचा काटा वर गेला. मग दोन आचके देऊन गाडी बंद पडली. चाचांनी स्टार्टर मारला, पुन्हा मारला. तापलेल्या इंजिनात दाब नाही आणि दिव्यांनी बॅटरी खाल्लेली. आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि शेवटी नुसती टिकटिक उरली. दोन्हीकडे जंगल. मागच्या सीटवरून अब्बांच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. चाचा खाली उतरून बोनेट उघडून उभे राहिले. पाहण्यासारखं तिथे काही नव्हतं, माझ्याइतकंच त्यांनाही ते माहीत होतं.

मोबाइल फोन आमच्या भागात आला नव्हता. पाऊण तासाने तेंदूपत्त्याच्या बोऱ्या भरलेला एक ट्रक मागून आला. मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम, म्हणून तो तरी आला. ड्रायव्हरने अब्बांना केबिनमध्ये घेतलं, अम्मी त्यांच्याजवळ बसल्या, मी मागे बोऱ्यांवर. तिरोड्याला इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. पहाटे अब्बांनी डोळे उघडले आणि विचारलं, "गाडीजवळ कोण आहे?" चाचा होते. रात्रभर ते गाडीजवळच बसून राहिले होते.

अब्बा आठ दिवसांनी घरी आले. पुढे अकरा वर्षं जगले. त्या रात्रीबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नाही.

गाडी ट्रॅक्टरला बांधून अंगणात आणली. गोंदियाहून एक म्हातारा मिस्त्री लुनावर आला. येताना त्याच्या पिशवीत चार पाने आणि विड्यांचं बंडल, बस. मला वाटलं, तो पुन्हा पुली आणि कव्हर काढायला लावील. त्याने तिकडे हातच लावला नाही. फक्त वरचं, रॉकरवरचं झाकण काढलं. चारही प्लग काढले, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. पुलीच्या नटावर पाना लावून ते हळूहळू फिरवलं आणि पहिला आणि चौथा पिस्टन अगदी वर येतील अशी पुलीवरची खूण जुळवली. हे दोन पिस्टन नेहमी जोडीने वर येतात. पण एक दाबाच्या खेपेला असतो, तेव्हा दुसरा धूर टाकून नवा श्वास घेण्याच्या बेतात असतो.

त्या दुसऱ्याच्या, म्हणजे त्या वेळी चौथ्याच्या, दोन्ही रॉकरांवर मिस्त्रीने दोन बोटं ठेवली. धुराचा व्हॉल्व्ह मिटत आलेला आणि आतला नुकता उघडू लागलेला, असा एक क्षण प्रत्येक सिलिंडरमध्ये येतो. दोन्ही तेव्हा किंचित उघडे असतात. त्या जुन्या चालीच्या बऱ्याच इंजिनांत पिस्टन अगदी वर असताना हे दोन व्हॉल्व्ह जवळजवळ सारखेच उघडे सापडतात. तराजूची दोन पारडी समान व्हावीत तसे. आमची पारडी समान नव्हती. धुराचा व्हॉल्व्ह अजून बराच दाबलेला होता आणि आतला जेमतेम हलला होता. मिस्त्रीने पाना आणखी थोडा फिरवला. दोन्ही रॉकर सारखे झाले तेव्हा पुलीवरची खूण बरीच पुढे निघून गेली होती. किती पुढे, हे त्याने नुसतं पाहिलं.

"एक दाता मागं हाय जी," तो म्हणाला. "टायमिंग कोनं बसवलं?"

"मीच," चाचा म्हणाले.

मी तिथेच उभा होतो. 'जुळल्या' म्हणणारा मी होतो आणि पानावरचं वाक्य गिळणारा मी होतो. त्या वेळी तोंडातून शब्द निघाला नाही. मिस्त्रीने पेट्रोलपुरते पैसे घेतले. म्हणाला, उघडून एक दाता पुढे घ्या, त्यात माझं काय काम? आणि विडी पेटवून निघून गेला.

व्हॉल्व्ह उशिरा मिटून ते वर येणाऱ्या पिस्टनवर आपटले नाहीत, हे आमचं नशीब. पुष्कळ इंजिनांत ते आपटतात. आजच्या कित्येक गाड्यांत कॅमशाफ्ट वर, हेडमध्येच असतो आणि काहींत चेनऐवजी रबरी पट्टा असतो. मारुती ८०० मध्ये तसाच होता. पट्ट्याला आवाज नसतो. तो कुरकुर न करता झिजतो आणि एक दिवस तुटतो, म्हणून कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला तो बदलायचाच, चांगला दिसत असला तरी. हल्ली काही गाड्यांत व्हॉल्व्हची वेळ संगणक चालत्या गाडीत मागेपुढे करतो. तिथे कॅमशाफ्ट जागेवर अडकवून ठेवायची खास हत्यारं लागतात. ती नसताना नुसत्या खडूच्या खुणांवर अशी गाडी घरी उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या पद्मिनीत, शेतातल्या ऑइल इंजिनात मात्र डोळे आणि बोटं पुरतात. ऑइल इंजिनात बहुधा चेनही नसते, दात्याला दाता लागलेला असतो आणि दात्यांवर ठिपके असतात. पण सगळीकडे एक खबरदारी सारखीच. इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने हाताने फिरवायचं. खूण थोडी पुढे गेली म्हणून उलटं फिरवून आणली, की ढिलाई दुसऱ्या बाजूला जाते आणि पाहिलेलं खोटं ठरतं. खूण चुकली तर आणखी दोन फेऱ्या मारून पुन्हा त्याच बाजूने जागेवर यायचं. आणि फिरवताना मधेच कुठे कडक लागलं तर जोर करू नये. स्टार्टरला ते कळत नाही, हाताला कळतं. हाताने फिरवायचं ते एवढ्याचसाठी.

आणखी एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते. चक्रांवरच्या खुणा समोरासमोर आल्या म्हणजे पहिलंच सिलिंडर पेटणार, असं नाही. कित्येक इंजिनांत त्या वेळी चौथं पेटायच्या बेतात असतं. डिस्ट्रिब्युटर काढला असेल तर पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून इंजिन फिरवावं. दाबाची खेप असेल तर आतली हवा अंगठा उडवते. पिस्टन वर येतोय पण अंगठ्याला काही जाणवत नाही, तर ती धुराची खेप, आणखी एक फेरी फिरवा.

मिस्त्री गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही कामाला लागलो. या वेळी उजेड होता. नवी चक्रं मी स्वतः गोंदियाहून आणली, पैसे माझे. रेडिएटर उतरला, पुली निघाली, कव्हर उघडलं. चाचांनी मला समोर, जमिनीवर गुडघे टेकून बसायला लावलं, डोळे चक्रांच्या बरोबर समोर येतील असं. चेन चढवताना ओढणारी बाजू त्यांनी बोटाने दाबून पाहिली. ताठ होती. चक्रं घट्ट झाली, खुणा जुळल्या. मी काहीच बोललो नाही. चाचा कव्हर उचलायला वाकले तेव्हा मी पुस्तक उघडलं, पान उलटलं आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. आधी इंग्रजीत, मग त्याचा अर्थ.

चाचा कव्हर हातात धरून उभे राहिले. "हे त्या दिवशी पण होतं का यात?"

"होतं," मी म्हटलं.

त्यांनी कव्हर खाली ठेवलं, हात फडक्याला पुसले आणि मोठा पाना माझ्याकडे दिला. "फिरव."

मी फिरवायला लागलो. पहिली फेरी पुरी झाली तेव्हा लहान चक्राची खूण जागेवर आली, पण मोठ्या चक्राची पार उलट्या दिशेला होती. निम्मा वेग, निम्मी फेरी, बरोबरच होतं ते. मी पुन्हा फिरवलं. चाचा माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले होते, चष्मा कपाळावर सरकवून. दुसरी फेरी संपत आली तशा दोन्ही खुणा दोन बाजूंनी जवळ येत समोरासमोर थांबल्या. चाचांनी खिळ्याच्या टोकाने एक दाखवली, मग दुसरी, आणि मला म्हणाले, "आता तू सांग."